तामाएचा तिसरा नाच

एकदा काय झालं, दूर जपानात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. आधी पांघरूण ओढा रे, मग ऐका. त्या गावाचा देव राहायचा वर डोंगरात. भातलावणीच्या आधी देवळाच्या अंगणात त्याच्यासाठी नाच व्हायचा. नाच बघून देव खाली यायचा, आणि त्याच्या मागोमाग ओढ्याला पाणी. देव आलाच नाही तर शेतं कोरडी, बरं का!

नाचायचे म्हातारे गेन्झो आजोबा. तोंडावर लाकडी मुखवटा, हातात घुंगरांचा झुबका. पण नाचता नाचता एका जागी ते हटकून धडपडायचे. दरवर्षी! सगळं गाव खो खो हसायचं. त्यांची नात तामाए मात्र लाजेनं लाल व्हायची.

मग एका वर्षी आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आता नाचायचं तामाएनं. ती म्हणाली, "मी नाही बाई धडपडून हसं करून घेणार!"

लावणीचा दिवस उजाडला. ढोल वाजला. तामाए नाचली. पाऊल कुठे चुकलं नाही, पण डोंगर गप्प. मग ती दुसऱ्यांदा नाचली, आणखी नेटकी. नाचताही येत होतं, अंगणही वाकडं नव्हतं, तरी देव काही येईना! ओढ्यात नुसते गोटे. तामाएला वाटलं, आपल्यापायी गावाच्या तोंडचा घास जाणार!

तेवढ्यात आजोबा चटईवरून ओरडले, "अगं पोरी, धडपड की!"

"आजोबा, ती तर चूक!"

"चूक कसली? माझ्या पणजोबांचा पाय नाचताना झाडाच्या मुळात अडकला, ते धाडकन आपटले, आणि देव हसत हसत खाली आला. तेव्हापासून आपण धडपडतोच. तीच त्याला हाक!"

मग तामाए तिसऱ्यांदा नाचली. त्या जागी आली, आणि लाजबीज सोडून अशी धडपडली, अशी धडपडली, की मुखवटा गळ्यात आणि घुंगरं थेट पुजारीबुवांच्या मांडीत! गाव पोट धरून हसलं. तामाएही हसली. आणि मग वर डोंगरात कुणीतरी हसलं. गडगड गडगड! झाडं हलली, गोटे खळखळले, ओढा उड्या मारत शेतात शिरला. लोकांनी तामाएला खांद्यावर घेतलं. आजोबा तर गुडघे विसरून नाचायलाच लागले!

त्या साली भात असं पिकलं, की कणग्या पुरेनात. तामाए दरवर्षी नाचली, दरवर्षी धडपडली, आणि सगळे सुखात राहिले. आपणही तसेच राहू. चला, मिटा डोळे. उद्या खेळताना कुणी पडलं तर हसा खुशाल, पण आधी हात द्या.