पाणपोईवाली आणि लपणारी नदी

एका गावात एक पाणपोईवाली राहत होती. गाव नक्की कुठल्या मुलखातलं, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही तर तसं सांगून मोकळं व्हावं. का, ते सांगण्यासाठीच ही गोष्ट आहे.

गावाच्या पाठीशी चुनखडीचे पांढरेफेक डोंगर होते. गावाजवळून वाहणारी नदी त्याच डोंगरांत शिरायची. नदी मोठी नाटकी. चांगली वाहता वाहता खडकातल्या एखाद्या भोकात घुसायची, दिसेनाशी व्हायची आणि भलत्याच दरीत वर यायची. नदीचीच ही तऱ्हा, मग वाटांचं काय विचारता? सगळे खडक एकाच रंगाचे आणि सगळी वळणं एकसारखी. पण त्या दऱ्यांची ख्याती लांबवर गेली होती. पाठीला पडशी आणि हातात काठी घेऊन माणसं तिथे नुसती चालायला यायची. देवाला नाही, बाजाराला नाही, सोयरिकीला नाही, नुसती चालायला. गावाला हे काही केल्या उमगत नसे. “घरी करमत नसेल बिचाऱ्यांना,” असं म्हणून गाव त्यांना गूळपाणी द्यायचं.

गावात एक जुनी रीत होती. वाटसरूला ‘नाही’ म्हणायचं नाही. ज्या कुणी ती घालून दिली, त्याच्या मनात भाकरी असेल, पाणी असेल. गावाने मात्र ती प्रश्नांनाही लावली. पाहुण्याने काही विचारलं आणि आपण ‘ठाऊक नाही’ म्हटलं, तर ते त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं, असं तिथे लहानपणापासून शिकवत. त्यामुळे वाट विचारणाऱ्याला जितकी माणसं भेटत, तितक्या वाटा मिळत. एक ना धड, भाराभर चिंध्या. चुकलेला माणूस कुरकुरत परत आला, तर त्याला पुन्हा गूळपाणी मिळे आणि वर आणखी एक नवी वाट.

आपल्या पाणपोईवालीचा या कामात हात धरणारं कुणी नव्हतं. तिची पाणपोई दऱ्यांच्या तोंडाशीच होती. वाटसरू ओंजळ पुढे करी, ती रांजणातून ओगराळ्याने पाणी ओती आणि पाणी ओतता ओतता सांगे, “नदीचा हात सोडू नका, म्हणजे झालं. नदी पलीकडे नेऊन सोडते.” ती स्वतः पहिल्या वळणापुढे कधी गेली नव्हती. पण सांगायची अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कालच पलीकडे जाऊन आली. बोलायला काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिची एकुलती एक लेक, सगुणा, डोंगरापलीकडच्या गावी दिली होती. सगुणा माहेरी येई ती गाडीरस्त्याने, डोंगराला लांबलचक वळसा घालून. एकदा माहेरपण संपवून निघताना ती म्हणाली, “आई, लोक एवढे लांबून ही दरी चालायला येतात. मी इथे वाढले आणि एकदाही गेले नाही. या वेळी दरीतूनच जाते. कोणती वाट धरू?”

खरं तर ‘बाई, मला ठाऊक नाही’ हे शब्द पाणपोईवालीच्या ओठांवर आले होते. पण निरोप द्यायला शेजारपाजारच्या बायका जमल्या होत्या आणि सगळ्या तिच्याच तोंडाकडे बघत होत्या. जगाला वाट सांगणारी बाई आपल्याच लेकीला ‘ठाऊक नाही’ म्हणते, असं गावभर झालं असतं. ती हसून म्हणाली, “अगं, नदी तुझ्या सासरावरूनच तर जाते. तिचा हात सोडू नकोस.”

सगुणा शिदोरीचं गाठोडं घेऊन निघाली. आईने सांगितलं होतं, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक कासार गाडीरस्त्याने गावात आला. बांगड्यांची पेटी उतरवून त्याने पाणी मागितलं आणि सहज विचारलं, “लेकीला कधी पाठवताय मावशी? काल तिच्या सासरी मुक्कामाला होतो. सासूबाई वाट बघतायत.”

पाणपोईवालीच्या हातातलं ओगराळं रांजणात पडलं. तिला आधी काही समजेचना. लेक तर काल सकाळीच गेली. नदी तर पलीकडेच जाते. मग पोर गेली कुठे?

ती धावत पाटलांकडे गेली. पाटील म्हणाले, “नदी लपते तिथून वरची वाट धरायची. डोळे मिटून जा.” वाटेत कुंभार भेटला. तो म्हणाला, “वरची मुळीच नव्हे, खालची.” कुंभारीण आतून ओरडली, “नदी लपतच नाही, नुसती वळते.” पुजाऱ्याने चौथंच काही सांगितलं. प्रत्येकाचा आवाज ठाम, प्रत्येकाचं बोट निराळ्या दिशेला. पाणपोईवाली भांबावून गेली. मग तिला एकदम तो आवाज ओळखू आला. पाणी ओतताना ती ज्या आवाजात बोलायची, तोच हा आवाज होता.

ती परत पाटलांच्या ओट्याशी आली आणि म्हणाली, “पाटील, तुम्ही स्वतः गेलाय का हो तिथवर?”

“गेलो नाही म्हणून काय झालं? डोंगर आपल्याच गावचा आहे ना?” पाटील म्हणाले.

ती तडक पाणपोईवर परतली. तिने पाण्याची कळशी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा पहिलं वळण ओलांडलं.

बरंच अंतर ती नदीकाठाने गेली. मग एका उंबराच्या झाडाशी नदी खडकातल्या भोकात शिरली आणि नाहीशी झाली. आत कुठेतरी नुसता घुमल्यासारखा आवाज येत होता. पुढे दोन वाटा फुटल्या होत्या, एक वर, एक खाली. आता कुणाचा हात धरायचा? तिने हाक मारली, “सगुणे!” डाव्या कड्यातून ‘सगुणे’ आलं, उजव्या कड्यातून आलं, मागूनही आलं. डोंगरही तिच्याच गावचा. कुणालाही ‘नाही’ म्हणत नव्हता. कुठल्या आवाजामागे जावं, ते न कळून ती एका घळीत शिरली, पांढऱ्या खडकांतून वळत वळत चालत राहिली आणि बाहेर येऊन बघते, तर पुन्हा तोच उंबर. तिला रडूच फुटलं.

वरच्या वाटेने शेळ्या राखणारी एक म्हातारी उतरत होती. डोंगरावरच्या कुठल्याशा वाडीतली असावी. पाणपोईवालीने डोळे पुसले आणि विचारलं, “आजी, माझी लेक काल या बाजूला आली होती. खालची वाट कुठे जाते?”

“ठाऊक नाही, बाई,” म्हातारी म्हणाली.

पाणपोईवालीला हे शब्द कानफटात मारल्यासारखे लागले. इतक्या वर्षांत कुणी तिला असं तोंडावर म्हटलं नव्हतं. “एवढे केस पांढरे झाले या डोंगरात, आणि ठाऊक नाही म्हणता?”

“नाही ठाऊक, तर काय सांगू? वरच्या वाटेनं मी आत्ताच आले. तिकडं कुणी नाही, एवढं मात्र खरं. खाली मी कधी गेले नाही.” म्हातारीने शेळ्यांना उंबराखाली थांबवलं आणि काठी सावरली. “चल, मी येते सोबत. ठाऊक नसलेल्या वाटेवर एकटीनं जाऊ नये.”

पाणपोईवाली तिच्याकडे बघतच राहिली. गावातल्या सगळ्या ठाम उत्तरांनी तिचा गोंधळ वाढला होता आणि या एका ‘ठाऊक नाही’ने निम्मी वाट मोकळी झाली. वर कुणी नाही, म्हणजे खालीच जायचं.

दोघी खाली निघाल्या. म्हातारी प्रत्येक वळणावर झाडाची एक डहाळी मोडून वाटेवर आडवी ठेवत होती, परतताना चुकायला नको म्हणून. बऱ्याच वळणांनंतर पाण्याचा आवाज आला. नदी तिथे एका खोलगट जागी खडकातून वर आली होती आणि चार पावलं वाहून पुन्हा खडकात गडप झाली होती. काठावर सगुणा बसली होती. तिचा घोटा सुजून टम्म झाला होता आणि शेजारी शिदोरीचं रिकामं फडकं पडलं होतं.

पाणपोईवालीने तिला पोटाशी धरलं. दोघी पोटभर रडल्या. मग सगुणा म्हणाली, “आई, मी नदीचा हात नाही सोडला. नदीनंच माझा सोडला. तिला शोधत फिरले, फिरले, आणि पाय घसरला. तू आलीस तेव्हाही अशीच लपली होती का गं ती?”

आता गावातली एकही बाई बघत नव्हती. तरी उत्तर द्यायला पाणपोईवालीला फार जड गेलं.

“मी कधी आलेच नव्हते, पोरी.”

“मग मला सांगितलंस कसं?”

पाणपोईवालीने मान खाली घातली. म्हातारीने मुकाट्याने फडकं ओलं केलं आणि घोट्याला घट्ट बांधलं. मग दोघींनी दोन बाजूंनी आधार देऊन, डहाळ्या बघत बघत, तिला वर आणलं.

त्यानंतर एके दिवशी एक वाटसरू पाणपोईवर आला. ओंजळीने पाणी पिऊन त्याने पलीकडची वाट विचारली. पाटील, कुंभार, पुजारी, सगळे तिथेच उभे होते. पाणपोईवाली म्हणाली, “नदी लपते त्या उंबरापर्यंत मी गेलेय. तिथून थोडं खाली, पुन्हा नदी दिसते तिथवर गेलेय. त्यापुढचं मला ठाऊक नाही.”

कुंभाराने कानावर हात ठेवले. पाटील म्हणाले, “अगं, गावाची अब्रू काढतेस का?”

वाटसरूला मात्र राग आला नाही. “मग पुढची वाट ठाऊक असलेलं कुणी येईपर्यंत थांबतो,” असं म्हणून तो पडशी उशाला घेऊन झाडाखाली आडवा झाला. पाटील बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. ज्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावलं, तो अंगणातच झोपला, हे कोडं त्यांना काही सुटेना.

घोटा बरा झाल्यावर सगुणा सासरी निघाली. शेजारपाजारच्या बायका पुन्हा जमल्या. तिने पुन्हा विचारलं, “आई, दरी अजून पुरी बघायची राहिलीय. पुढं कोणती वाट धरू?”

“ठाऊक नाही,” पाणपोईवाली सगळ्यांच्या देखत म्हणाली. तिने रांजणावर झाकण ठेवलं, पायांत वहाणा घातल्या आणि कळशी उचलली. “चल, मी येते सोबत.”

तात्पर्य: आपण न चाललेली वाट दुसऱ्याला सांगणं हा पाहुणचार नव्हे. ‘ठाऊक नाही’ म्हणावं आणि जमलं तर चार पावलं सोबत चालावं.