अत्यंत नम्र सेवकाचे घंगाळ

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला नवा पुढारी निवडायचा होता. म्हातारे पाळक म्हणाले, "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. येत्या पवित्र गुरुवारी जो तुम्हा सर्वांचे पाय धुईल, तो पुढारी."

गावातल्या बागाईतदाराचा या मानावर फार दिवस डोळा होता. त्याने तांबटाकडून तांब्याचे भले मोठे घंगाळ घडवून घेतले. त्यावर वीतभर अक्षरांत कोरायला सांगितले, 'अत्यंत नम्र सेवक'.

"मालक, नुसतं नम्र पुरेल की," तांबट म्हणाला.

"नुसता नम्र कोणीही असतो."

गुरुवारी लोक थेट शेतांतून आले. पाय शेणामातीने बरबटलेले. बागाईतदाराने नाकाला उपरणे लावले.

"असले पाय माझ्या घंगाळात? आधी विहिरीवर धुऊन या. मग मी धुतो."

लोक विहिरीवर गेले. तिथे एक म्हातारी पाणी शेंदत होती. तिला नीट दिसत नसे. कोणाला वाकता येत नव्हते, कोणाच्या टाचा फुटलेल्या. ती खाली बसून एकेकाचे पाय चोळू लागली.

"हलू नकोस रे लेकरा, काटा आहे इथं."

दुपार टळली, तरी रांग विहिरीवरच. घंगाळातले पाणी सकाळी होते तितकेच स्वच्छ. बागाईतदार तावातावाने विहिरीकडे निघाला आणि वाटेत शेणाच्या खड्ड्यात गुडघ्यापर्यंत गेला.

म्हातारीने हाताला लागलेला पाय पुढे ओढला. "बाई गं, सगळ्यांत घाण हाच. कुणाचा रे तू?"

बागाईतदार पाय मागे ओढू लागला. रांगेत कोणीतरी फिसकन हसले. म्हातारीने मात्र त्याची बोटेसुद्धा एकेक करून धुतली. त्याची मान खाली गेली.

संध्याकाळी पाळकांनी विचारले, "आज पाय कोणी धुतले?"

सगळ्यांनी म्हातारीकडे बोट केले. सर्वांत आधी बागाईतदाराने.

"पुढारीपण असू द्या," म्हातारी म्हणाली. "माझ्या बादलीला भोक पडलंय, त्याचं काहीतरी बघा."

पण मंडळीने तिलाच पुढारी केले. घंगाळ विहिरीवर आले. बागाईतदार तिथे रोज लोकांचे पाय धुवायला बसू लागला आणि उठताना घंगाळ राखेने घासू लागला. घासता घासता काही वर्षांनी 'अत्यंत' झिजून गेले. पुढे 'नम्र'ही गेले. 'सेवक' तेवढे उरले.

वाकल्याशिवाय कोणाचेही पाय धुता येत नाहीत.