सव्वा तास जळणारे घर

एकदा एका गुरुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एका वृद्ध समीक्षकाच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या पडद्यावर एका घराला आग लागली. खोलीत दोनच माणसे होती, तो वृद्ध आणि त्याची शिष्या. घर होते ‘नवखंड’ नावाच्या खेळातले.

या खेळाचा त्या वर्षी एवढा गवगवा झाला होता की तेवढा निवडणुकीचाही होत नाही. खेळणाऱ्याने एका भटक्या योद्ध्याची भूमिका घ्यायची, नऊ प्रदेश पालथे घालायचे, वाटेत भेटेल त्याला तारायचे किंवा मारायचे आणि आपली कथा आपणच घडवायची, असे त्याचे स्वरूप. ‘इथे तुमचा प्रत्येक क्षण जग बदलतो’ हे त्याचे वाक्य बसथांब्यांवर होते, रिक्षांच्या पाठीवर होते, दुधाच्या पिशव्यांवरही होते. खेळ विक्रीला यायला अजून एक दिवस होता, तरी ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला नव्हता तेही त्याला दशकातला सर्वोत्तम खेळ म्हणू लागले होते.

शिष्या एका साप्ताहिकात खेळांवर लिहू लागून जेमतेम चार महिने झाले होते. कंपनीने तिला, आणि तिच्यासारख्या आणखी चाळीस जणांना, हा खेळ सोमवारी पाठवला होता. सोबत एक लांबलचक पत्रक, आणि एक अट: गुरुवारी दुपारी चारच्या आत कुणी अवाक्षर छापायचे नाही. खेळ पुरा करायला साठ तास लागतात. सोमवार ते गुरुवार या काळात माणूस झोपतो कधी आणि जेवतो कधी, हे त्या एकेचाळीस जणांपैकी एकानेही कंपनीला विचारले नाही. चार वाजून एका मिनिटाने जो परीक्षण इंटरनेटवर टाकेल त्याच्याकडे वाचक जाणार, दुसऱ्या दिवशी टाकणाऱ्याकडे कुणी फिरकणार नाही, एवढे मात्र प्रत्येकाला पाठ होते. म्हणून सगळे धावत खेळले. तीही धावली. परीक्षण लिहून तयार होते, आणि हे साधले तर दर आठवड्याचे सदर तुझे, असा शब्द संपादकांनी दिला होता. त्या सदरासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. चारच्या आत सरांची नजर त्यावरून फिरावी, एवढ्यासाठी ती आली होती.

या सरांनी चाळीस वर्षे नाटकांची परीक्षणे लिहिली होती. पहिल्या प्रयोगाचे फुकट आमंत्रण ते कधी घेत नसत. विसाव्या-पंचविसाव्या प्रयोगाला, तिकीट काढून, शेवटच्या रांगेत बसत. गुडघे कुरकुरू लागल्यावर नाट्यगृह सुटले आणि घरबसल्या या खेळांचा नाद लागला. सवयी त्याच राहिल्या.

त्यांनी तिचे परीक्षण वाचले. शेवटाकडच्या एका वाक्यावर बोट ठेवले. ‘मी क्षणभर उशीर केला असता, तर ते मूल वाचले नसते.’

“हे कुठलं मूल?”

“दुसऱ्या प्रदेशातलं, सर. एका घराला आग लागते. आत मूल, बाहेर आई टाहो फोडतेय. काटा येतो अंगावर.”

“दाखव.”

तिने खेळ त्या गावाच्या वेशीपाशी आणला. योद्धा वळणावर पोहोचताच छपराने पेट घेतला. एक स्त्री रस्त्यात आली, दोन्ही हात उंचावून ओरडली, “धावा हो! माझं लेकरू आत आहे!”

शिष्येचा अंगठा सरसावला. वृद्धाने तिच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला, टीपॉयवर ठेवला आणि ते उठून उभे राहिले.

“सर! अहो, कुठे चाललात?”

“चहा टाकतो. तुला आलं चालतं ना?”

“मूल आत आहे सर!”

“ऐकलं मी. ती बाई चांगली खणखणीत ओरडतेय.”

चहा झाला. दोघांनी तो जळत्या घरासमोर बसून प्यायला. चहानंतर वृद्धाने आतून घेवड्याच्या शेंगांची परडी आणली, मांडीवर घेतली आणि एकेक शेंग मोडायला सुरुवात केली.

“सर, ते लेकरू जळतंय आणि तुम्ही भाजी निवडताय!”

“तूही निवड. दोघं मिळून लवकर होईल.”

सर आता खरेच थकले, असे तिला वाटले. माणसाच्या मनात दया आहे की नाही हे पाहणारा प्रसंग आहे तो, आणि हे शिरा काढत बसलेत. त्यात घड्याळ पुढे सरकत होते. संतापाने तिने परडीतल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि पडद्याकडे पाठ केली. पाठ केली तरी कान उघडेच होते. “धावा हो! माझं लेकरू आत आहे!” थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच. तिच्या लक्षात आले की दर अकराव्या सेकंदाला हाक येते. ती वळली. छपराची तुळई कडाडून खाली आली. मग, पाहता पाहता, ती पुन्हा जागेवर होती आणि पुन्हा कडाडत होती.

‘नवखंडा’तला दिवस चाळीस मिनिटांचा असतो. तिच्या डोळ्यांदेखत तिथला सूर्य मावळला, चांदणे पडले, कोंबडा आरवला, गवळी दुधाच्या कासंड्या घेऊन त्या जळत्या घरावरून गेला. त्याने मान वळवून पाहिलेही नाही. घर जळत होते. मूल आत खोकत होते. आई हात उंचावत होती.

“हे बिघडलंय का हो?” तिने हळूच विचारले.

“नाही. असंच केलंय.”

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. या खेळाच्या शहरातल्या विक्रीचा मक्ता ज्याच्याकडे होता तो व्यापारी आला होता. तिला गाठायला साप्ताहिकाच्या कचेरीत गेला, तिथून इथला पत्ता मिळाला. हातात गुंडाळलेला कागद. बसायच्या आधी त्याने तो उलगडला.

“ताई, उद्या दुकानावर फलक लागतोय, चाळीस फुटी. तेवढी सही द्या म्हणजे छापायला टाकतो.”

कागदावर ज्वाळा होत्या, आणि ज्वाळांवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘मी क्षणभर उशीर केला असता, तर ते मूल वाचले नसते.’ खाली नावासाठी जागा मोकळी होती.

शिष्या कागदाकडे पाहत राहिली. “हे वाक्य तुम्हाला कुठे मिळालं? माझं परीक्षण अजून छापलेलं नाही. सरांखेरीज कुणी वाचलेलंही नाही.”

“तुमचं कुठलं, ताई? कंपनीच्या पत्रकात आहे की! सगळ्यांना गेलंय. खाली कुणाचं नाव घालायचं तेवढंच ठरायचं होतं. म्हटलं, मराठी माणसाचं घालू.”

तिचे कान तापले. पत्रक तिने सोमवारी वाचले होते. मंगळवारी त्या घरात धावत शिरली होती. बुधवारी लिहायला बसली, तेव्हा ते वाक्य स्वतःच्या छातीतून आल्यासारखे आले होते. लिहिताना डोळे पाणावलेही होते. दुसऱ्याच्या पत्रकावर आपण रडलो, हे तिला आता कळत होते.

व्यापाऱ्याचे लक्ष पडद्याकडे गेले. “अहो, आग लागलीय! उठा की कुणीतरी!”

“सव्वा तास झाला लागून,” वृद्ध म्हणाले. “घेवडा निवडून संपला. जा गं, आता काढ त्याला बाहेर.”

तिने कंट्रोलर उचलला. पळवले नाही. योद्ध्याला रमतगमत चालवत दारापर्यंत नेले. वाटेत एका झाडाला प्रदक्षिणाही घातली. आत मूल होते तिथेच होते, खोकत. तिने ते उचलून आणले. आईने त्याला छातीशी धरले, योद्ध्याच्या पायांवर डोके ठेवले आणि ती म्हणाली, “देवासारखे अगदी वेळेवर धावून आलात!”

मग व्यापारी म्हणाला, “वाचलं की हो! मग बिघडलं कुठे?”

वृद्ध आता चिडले. एरवी ते चिडत नसत.

“शेठ, ज्या जगात उशीर होऊच शकत नाही, तिथे वेळेवर येण्याची किंमत काय? खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. नद्या देखण्या आहेत, तलवारीचा हात झकास बसवलाय, चांदणं तर असं की पाहत राहावं. तेवढं सांगून विका, मी रांगेत उभा राहीन. पण तुम्ही विकताय ते वचन, प्रत्येक क्षण जग बदलतो हे. इथे दोन दिवस उलटले तरी एक तुळई बदलत नाही!” मग ते शिष्येकडे वळले. “आणि तू ऐक. हे कळायला साठ तास लागत नव्हते. हाक आली की न धावणारा एक माणूस पुरेसा होता. तुम्ही एकेचाळीसही जण भली माणसं, शिवाय घाईत. हाक आली की धावणारच. त्याच भरवशावर त्यांनी हे घर पेटवलंय. खेळाने वचन दिलं असेल तर ते मोडायला निघावं. मोडलं नाही, तर खरं.”

“सर, खेळ आहे तो,” व्यापारी कागद गुंडाळत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, समजूत घालणे होते. “लोकांना जग बदलायला नको असतं. बदलल्यासारखं वाटलं की झालं.”

“मग तेच लिहा फलकावर,” शिष्या म्हणाली. “त्याच्याखाली घाला माझं नाव.”

व्यापारी हसला आणि नमस्कार करून गेला. त्याला अजून बऱ्याच जणांकडे जायचे होते.

शिष्येने ते वाक्य खोडले. मग आधीचे खोडले, मग त्याआधीचे. असे करता करता परीक्षणातले फक्त नद्यांचे आणि चांदण्याचे दोन परिच्छेद उरले, कारण तेवढे तिने खरोखर पाहिले होते. बाकी सारे तिने तिथेच, घेवड्याच्या शिरांच्या ढिगाशेजारी बसून, नव्याने लिहिले. चार वाजले तेव्हा संपादकांचा फोन सारखा वाजत होता. तिने तो उचलला नाही. त्या खोलीत तेवढ्या एका दुपारी उशीर होऊ शकत होता आणि तो झाला. परीक्षण सहा वाजता गेले, शुक्रवारी आतल्या पानावर आले. सदर चार वाजून एका मिनिटाने परीक्षण पाठवणाऱ्या दुसऱ्याच एकाला मिळाले. शुक्रवारी सकाळी दुकानावर फलकही चढला, चाळीस फुटी, एका नामांकित समीक्षकाच्या नावाने.

बाकी चाळीस परीक्षणे तिने नंतर एकेक करून वाचली. त्यांतल्या सव्वीस परीक्षणांत ते वाक्य होते, शब्दशः, आणि प्रत्येक ठिकाणी ‘मी’ वेगळा होता.

तीन आठवड्यांनी कंपनीने खेळाची सुधारलेली आवृत्ती दिली. सोबत सुधारणांची यादी. अकरावी सुधारणा अशी: ‘दुसऱ्या प्रदेशातील आगीच्या प्रसंगी स्त्रीची हाक पुन्हा पुन्हा ऐकू येत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. आता ती हाक बंद ठेवण्याची सोय केली आहे.’

ते मूल त्या घरात किती वेळ जिवंत राहू शकते, असे शिष्येने कंपनीला तीन वेळा लेखी विचारले आहे. उत्तर आलेले नाही.