लढायला मोकळा कोण?

यहूदी लोकांच्या यहूदिया देशावर तेव्हा एका देवभीरू राणीचं राज्य होतं. सात वर्षांत कुठे तलवार उपसली गेली नव्हती, आणि सेनापती एल्याशीबला हीच शांतता बोचत होती. शेजारच्या शहरावर चालून जायचं ठरवून तो एका डोंगरगावात आला.

“उद्या गावातले सगळे तरुण माझ्याबरोबर निघतील,” त्याने फर्मावलं.

सिब्या नावाची म्हातारी पुढे झाली. तिचे तिन्ही मुलगे आधीच्या राजाच्या लढायांत मारले गेले होते.

“न्या की, सरदार. पण सगळं शास्त्राप्रमाणे व्हावं, असा राणीसाहेबांचा हुकूम आहे. घर बांधलं पण त्यात राहिला नाही, द्राक्षमळा लावला पण फळ चाखलं नाही, लग्न ठरलं पण बायको आणली नाही, अशांना शास्त्र लढाईतून घरी पाठवतं.”

सेनापतीने एकेकाला विचारलं. कुणाच्या घरावर नुकतंच छप्पर चढलं होतं, बहुतेकांचे वेल कोवळे होते, उरलेल्यांची लग्नं ठरली होती.

“मग लढायला मोकळा आहे तरी कोण?” तो ओरडला.

“तुम्ही,” सिब्या शांतपणे म्हणाली. “सात वर्षं मिळूनही काही न लावलेले, न बांधलेले तुम्ही एकटेच दिसता.”

सेनापती त्या कोवळ्या वेलांकडे बराच वेळ पाहत राहिला आणि एकटाच माघारी वळला.