कोठीचा बोळा

पूर्वी अश्मक देशात, गोदावरीच्या काठच्या पोतली नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्माला आले आणि पुढे त्याच राजाचे अमात्य झाले.

नगराच्या उत्तरेला राजाचे कोठार होते. त्यात विटांच्या उंच कोठ्या ओळीने उभ्या होत्या. दुष्काळ पडला तर प्रजेला धान्य मिळावे म्हणून राजाच्या आजोबांनी त्या बांधल्या होत्या. दर साली सुगीनंतर खजिन्यातून पैसा निघे, वर्षभराची तूट भरायला नवा जोंधळा विकत घेतला जाई आणि वरच्या तोंडाने कोठीत पडे, असे सगळे मानत. धान्य काढायला प्रत्येक कोठीच्या बुडाशी एक भोक होते आणि त्यात मातीने लिंपलेला चिंध्यांचा बोळा होता. तसा बोळा घरोघरच्या कणगीलाही असतो. पण राजाच्या कोठ्यांचे बोळे कित्येक वर्षांत कोणी काढले नव्हते. त्यांच्यावर गेरूने लक्ष्मीची पावले काढलेली होती, आणि लक्ष्मीच्या पावलांना हात लावायचा नाही अशी रीत पडली होती.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला राजा कोठाराची पाहणी करायला येई. पाहणी म्हणजे काय, तर प्रत्येक कोठीला हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचा आणि कोठारप्रमुखाला विचारायचे, "कोठार भरले आहे ना?" कोठारप्रमुख म्हणे, "भरले आहे, महाराज." मग त्याची मुद्रा उमटे. ती पाहून कोषाध्यक्ष आपली मुद्रा उमटवी, कोषाध्यक्षाची पाहून अमात्य, आणि अमात्यांची पाहून राजा. प्रत्येकजण वरची मुद्रा पाही. कोठी कोणीच पाहत नसे.

कोठारप्रमुखाचे नाव पुष्यदत्त. वडिलांच्या मागे हे काम त्याच्याकडे आले, तेव्हा पहिल्या पूजेला तोही वडिलांसारखेच "भरले आहे" म्हणाला. मग एकदा कशासाठी तरी तो शिडी लावून वर चढला आणि एका कोठीत त्याने काठी घातली. वीतभर जोंधळ्याखाली काठी चटईला अडली. चटईखाली नुसता कोंडा होता. तो धावत कोषाध्यक्ष विजितसेनाकडे गेला. विजितसेन हसला. "अरे, मुद्रा तर तुझीच पहिली आहे," तो म्हणाला, आणि संध्याकाळी पुष्यदत्ताच्या अंगणात गव्हाची एक गाडी येऊन उभी राहिली. पुष्यदत्ताने ती परत पाठवली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

तेव्हापासून त्याला एक खोड लागली. येता जाता तो बोटाच्या पेराने कोठीवर टकटक करी, आणि आतून येणारा पोकळ आवाज ऐकला की भराभर पुढे निघून जाई. पूजेच्या दिवशी कोठाराच्या आत ढोल वाजवण्याची प्रथाही त्यानेच सुरू केली. राजाचा हात चुकून कोठीवर आपटला तरी कोणाला काही ऐकू येऊ नये, एवढाच त्यात हेतू होता. लोकांना वाटे, भक्ती वाढली.

त्या साली पाऊस आला नाही. नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत पेरलेले करपले, आणि मार्गशीर्ष उजाडेपर्यंत तिकडची माणसे डोक्यावर भांडी घेऊन पोतलीच्या वाटेला लागली. "राजाचे कोठार भरलेले आहे," एवढाच त्यांचा आधार होता.

एके दुपारी बोधिसत्त्व एकटेच कोठारात आले. ते ओळीने सगळ्या कोठ्यांपुढून चालत गेले, परत आले आणि एका पायरीवर बसले.

"पुष्यदत्ता, तुझ्याकडे मांजर नाही?"

"मांजर, अमात्य?"

"आमच्या घरी एवढीशी कणगी आहे, तरी उंदरांनी जीव नकोसा केला आहे. मांजर पाळावे लागले. अंगणात चिमण्या तर हाकलून जात नाहीत. इथे एवढा जोंधळा, आणि एक चिमणी नाही. मी बराच वेळ पाहतो आहे."

पुष्यदत्ताने कोठीवरच्या पावलांकडे बोट दाखवले. "लक्ष्मीचा वास आहे, अमात्य. इथे उपद्रव होत नाही."

बोधिसत्त्व पायरीवरून उठले. मग म्हणाले, "मीही इतकी वर्षे वरची मुद्रा पाहून माझी उमटवली. हार घातला, प्रसाद घेतला आणि घरी गेलो. त्याची मला लाज वाटते आहे. यंदा पूजेला लोकांसमोर एक बोळा काढायचा, असे मी महाराजांना सांगणार आहे. त्याआधी कोणाला माझ्याशी बोलायचे असेल, तर माझे दार उघडे आहे."

पुष्यदत्त त्या दाराशी गेला नाही. तो विजितसेनाकडे गेला, कारण भ्यालेल्या माणसाला ओळखीची वाट बरी वाटते. विजितसेनाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "हे माझ्या कानावर आले होते. मी अमात्यांकडेही जाऊन आलो," तो म्हणाला. "नदीकाठचे दोन मळे देऊ केले. ते म्हणाले, मळे कोठाराला दे. विचित्र माणूस. असू दे. बोळा एकच निघणार ना? पहिल्या कोठीच्या बुडाशी पोतेभर जोंधळा घालून ठेव. धार पडेल, लोक टाळ्या वाजवतील, राजा घरी जाईल."

"आणि ती वरची माणसे? ती धान्य मागायला येताहेत."

"त्यांना सांगू, दारे उघडायचा मुहूर्त नाही."

पुष्यदत्ताने सांगितले तसे केले. पहिल्या कोठीचा बोळा काढून त्याने बुडाशीचा कोंडा उकरला, तिथे जोंधळा भरला, नवा बोळा ठोकला, लिंपला आणि त्यावर पुन्हा लक्ष्मीची पावले काढली. घरी आला तेव्हा त्याची बायको उत्तरा कणगीपुढे बसून धान्य काढत होती.

"हाताला माती कसली?" तिने विचारले.

"पूजेची तयारी."

"अहो, एक विचारू? मी दर आठवड्याला आपल्या कणगीच्या बुडात हात घालते. वर दाणा चांगला दिसतो, पण कीड खालून लागते. तुमच्या कणगीत कोणी हात घालतं का?"

"ती राजाची आहे."

"राजा जेवतो कुठे तिच्यातलं," उत्तरा म्हणाली. "म्हणून तर त्याला काळजी नाही." तिने सूप उचलले. "वरच्या गावाहून माझी बहीण निघाली आहे, लेकरं घेऊन. मी निरोप धाडला, ये म्हणून. माझा नवराच कोठारप्रमुख आहे, म्हटलं."

पुष्यदत्त हाताची माती धुवायला बाहेर गेला.

पौर्णिमेला कोठाराचे पटांगण माणसांनी भरले. नगरातले लोक पुढे होते. मागे, भिंतीच्या सावलीत, वरच्या गावांहून आलेली माणसे रिकामी भांडी मांडीवर घेऊन बसली होती. राजाने हळदकुंकू लावले, हार घातले. ढोल घुमू लागले. तेवढ्यात बोधिसत्त्वांनी हात वर केला आणि ढोल थांबवायला सांगितले.

"महाराज, आज्ञा असेल तर यंदाचा प्रसाद कोठीतूनच घेऊ."

राजाने भुवया उंचावल्या. "बोळा काढायचा म्हणालात तोच ना? लक्ष्मीच्या पावलांवर हात घालायचा?"

"लक्ष्मी घरोघरी जावी म्हणूनच तिची पावले काढतात, महाराज."

लोक हसले, राजाही हसला. "काढा. कोणती कोठी?"

विजितसेन पुढे झाला. "पहिलीच शुभ."

"कोठार ज्याच्या हाती आहे तोच सांगेल," बोधिसत्त्व म्हणाले आणि वळले. "पुष्यदत्ता, कोणती उघडू?"

त्यांच्या आवाजात दरडावणी नव्हती. पुष्यदत्ताने त्यांच्या डोळ्यांत पाहिले आणि त्याला कळले, की अमात्यांना सगळे ठाऊक आहे, तरीही ते त्यालाच विचारत आहेत. एक शब्द बोलला तर तो वाचत होता. फक्त "पहिली" म्हणायचे होते. त्याची नजर भिंतीकडे गेली. उत्तराची बहीण तिथे बसली होती. तिच्या धाकट्या पोराने भांडे उपडे करून डोक्यावर घातले होते आणि तो खुदखुदत होता.

"कोणतीही उघडा, अमात्य," पुष्यदत्त म्हणाला. "पहिली सोडून."

मग तो स्वतःच शेवटच्या कोठीकडे गेला. त्याने खुरप्याने माती खरवडली, बोळा ओढला आणि बाजूला सरला. भोकातून आधी काहीच आले नाही. मग थोडा कोंडा पडला, त्यामागून वाळका पाला.

पटांगणातली माणसे पाहायला पुढे सरकली. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "ही लक्ष्मी तर आमच्या म्हशीचं खाते."

कोणी हसले नाही. पुष्यदत्त राजाच्या पायाशी बसला आणि त्याने सगळे सांगितले. चटया, कोंडा, विजितसेनाने पाठवलेल्या गव्हाच्या गाड्या, पहिल्या कोठीतले पोते, ढोल. सांगता सांगता त्याच्या लक्षात आले, की आपला आवाज मोकळा होतो आहे. इतकी वर्षे ज्या क्षणाला तो भीत होता तो क्षण आला होता, आणि आता त्याच्यापाशी लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

राजाचा चेहरा लाल झाला. "दोघांनाही सुळावर द्या."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "सुळावर चढवून कोठ्या भरणार नाहीत. आणि न्याय करायचाच तर मुद्रा मोजाव्या लागतील. त्यांच्याखाली माझी आहे. माझ्याखाली आपली आहे. यांनी चोरले. आपण पाहिले नाही. भुकेल्या माणसाला त्यात फरक वाटत नाही."

राजाने वाकून तो कोंडा मुठीत घेतला. "मग सांगा, काय करू?"

"नदीच्या खालच्या अंगाला यंदा चांगले पिकले आहे. आजच नावा सोडल्या तर लोकांचे हाल व्हायच्या आत धान्य येईल. विजितसेनाने साठवले ते सगळे त्या खरेदीला लागू दे. माझ्या घरचेही घ्या. आणि पुष्यदत्ताला इथेच ठेवा. कोठी कशी फसवते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नाही."

राजाने आपले सोन्याचे ताट आधी दिले. मग इतरांनाही देणे भाग पडले. विजितसेनाचे मळे, वाडा आणि अधिकार गेले, जीव मात्र वाचला. नावा येईपर्यंत पहिल्या कोठीतले पोते आणि नगरातल्या घराघरांतल्या कणग्या यांवर पाहुण्यांचे भागले. उत्तराने आपली कणगी बुडापर्यंत रिकामी केली आणि नवऱ्याला एका शब्दाने टोचले नाही. तेच त्याला जास्त लागले.

नावा आल्या. कोठ्या भरल्या. वाटप सुरू व्हायच्या दिवशी पुष्यदत्ताने शेवटच्या कोठीवर पेराने टकटक केले. आवाज घट्ट आणि जड आला. त्याने बोळा काढला आणि जोंधळ्याची धार सरसर करीत पहिल्या भांड्यात पडली. तो तिथेच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. उत्तराची बहीण म्हणाली, "भावजी, बाजूला व्हा, धान्य भिजेल." तेव्हा तो रडता रडता हसला.

त्या सालापासून पोतलीची रीत बदलली. पूजा तीच राहिली, पण राजाने हार घालण्याआधी नगरातल्या बायका मनाला येईल त्या कोठीचा बोळा काढत, बुडातल्या जोंधळ्याच्या भाकरी करीत आणि पहिली भाकरी राजाला सगळ्यांसमोर खावी लागे. एका साली दाणा किडका निघाला. राजाने तोंड वाकडे करीत भाकरी संपवली. पुढच्या साली दाणा किडला नाही. अंगणात चिमण्या आल्या, आणि पुष्यदत्ताने एक मांजर पाळले.

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी ही कथा जेतवनात सांगितली, तेव्हा विहाराचे भांडारगृह सांभाळणारा एक भिक्खू समोर मान खाली घालून बसला होता. उपासकांनी दिलेल्या चीवरवस्त्रांची गाठोडी आली तशी त्याने रचून ठेवली होती, आणि आता तळच्या गाठोड्यांना वाळवी लागली होती. शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. विजितसेन म्हणजे देवदत्त. कोठारप्रमुख पुष्यदत्त हाच भिक्खू होता, आणि अमात्य मी होतो. दुसऱ्यांनी विश्वासाने ठेवायला दिलेले आपल्या डोळ्यांनी पाहत राहणे, यालाच अप्रमाद म्हणतात. जो पाहत नाही तो चोर नसला, तरी चोराचे दार त्यानेच उघडे ठेवलेले असते."

तो भिक्खू उठला, त्याने वंदन केले आणि म्हणाला, "भगवन्, मी आत्ताच जाऊन तळापासून बघतो." जाताना त्याने चार भिक्खूंना बरोबर घेतले, त्यांनीही पाहावे म्हणून.