धुरपाची ढवळी

फार वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याशी, खैरखेड्याच्या रानात सिंह राहत, असं म्हणतात. त्याच गावात धुरपा राहायची. विधवा बाई, पोरबाळ नाही, जिभेला मात्र भारी धार. ती साऱ्या गावाची गुरं राखायची. तिची स्वतःची म्हणावी अशी एकच गाय होती, पांढरीशुभ्र ढवळी. वाटेत सिंह आडवा आला, तर धुरपा काठी आपटून म्हणायची, "सरक बाबा, गुरांना पाणी पाजायचंय." आणि सिंह सरकायचा, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात दोन पिल्लांची एक सिंहीण गुरं मारू लागली. एखादं जनावर मारलं गेलं, की गाव ढोल बडवत धावायचं, तिला हुसकावायचं आणि कातड्यासाठी ते मेलेलं जनावर ओढून आणायचं. मालकाचं कातडं मालकाला मिळालंच पाहिजे, अशी रीतच होती. दोन दिवसांनी सिंहीण पुन्हा यायची. शेवटी गावाने बंदूकवाला बोलावला.

सिंहिणीच्या वर आलेल्या बरगड्या धुरपाने जवळून पाहिल्या होत्या. ती पाटलांकडे गेली.

"पाटील, तिच्या तोंडचा घास आपणच ओढतो. उपाशी लेकुरवाळी पुन्हा येणार नाही तर काय करंल?"

"धुरपे, तुझी ढवळी गेली म्हणजे बोल," पाटील म्हणाले.

आणि नेमकी ढवळीच गेली. भर दुपारी, ओढ्याकाठी, धुरपाच्या डोळ्यांदेखत. गाव ढोल घेऊन धावलं, बंदूकवाला पुढे. पाहतात तो धुरपा वाटेतच बसलेली. ढवळीच्या कपाळाला तिने आपल्या डबीतलं कुंकू लावलं होतं. स्वतःला लावायचं बंद झाल्यावरही ती डबी तिने ढवळीसाठी जपली होती. ती ढसाढसा रडत होती, पण काठी तिने आडवी धरली होती.

"माझी गाय हाये, मी दिली. ढोल वाजवाल तर याद राखा. आणि तू रे बंदूकवाल्या, आधी मला मार."

कुणाचं पाऊल पुढे पडलं नाही. मग करवंदीच्या जाळीतून सिंहीण आली, मागून पिल्लं आली आणि साऱ्या गावादेखत ती पोटभर जेवली. जाताना ती धुरपाच्या काठीपाशी घटकाभर टेकली, असं म्हणतात. ती पाणी प्यायला गेली, तेव्हा तिच्यासाठी ओढा उलटा वाहिला, असंही म्हणतात. इतकं मात्र सगळे सांगतात, की त्यानंतर कित्येक महिने गावातलं एक वासरूही गेलं नाही. उलट ज्वारी उकरणारी रानडुकरं सिंहिणीने खाऊन संपवली. बंदूकवाला जेवून परत गेला. पुढे गावात जी पहिली कालवड जन्मली, ती पाटलांनी स्वतः धुरपाच्या दारात आणून बांधली.

"नाव काय ठेवू?" धुरपाने विचारलं.

"आता ते काय विचारायचं?" पाटील म्हणाले.

आता त्या रानात सिंह नाहीत. बिबट्या येतो, कधी वाघ येतो. जनावर मारलं गेलं, तर खैरखेड्यात अजूनही कुणी ढोल वाजवत नाही. मालक त्या जनावराच्या कपाळाला कुंकू लावतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. गावात जन्मलेली पुढची कालवड त्याच्या दारात बांधली जाते. रंग तांबडा असो की काळा, नाव ढवळीच. म्हणून संध्याकाळी गुरं परतताना कुणी "ढवळे!" अशी हाक मारली, की अजूनही पाच-सहा गाई एकदम मान वळवतात.