शंभर रुपयांचा तोरा

फार वर्षांपूर्वी एका मैदानाच्या कोठीत फुटबॉलचा गोल चेंडू आणि रग्बीचा लांबट चेंडू शेजारी राहत. गोलोबाला आपल्या तिकिटाचा भारी तोरा.

"माझ्या सामन्याचं तिकीट शंभर रुपये, काळ्या बाजारात दोनशे! तुझं रे?"

"वीस," लांबोबा म्हणाला. "त्यातही निम्मे प्रेक्षक फुकटे."

"मग तुझं भागतं कसं?"

"भागतं की. खेळाडू मला छातीशी धरून पळतात. तुला कोणी धरतं?"

"गोलकीपर धरतो," गोलोबा अडखळला, "पण लगेच लाथ घालून लांब पाठवतो."

तेवढ्यात गोलोबाला सामन्यासाठी मैदानात नेलं, शिट्टी वाजली आणि पहिली लाथ बसली. खच्चून भरलेलं मैदान बघून गोलोबाला स्वतःचंच हसू आलं. "आणि मी समजत होतो, हे शंभर रुपये माझ्या दर्शनाचे! लोक मोजतात ते मला बसणाऱ्या लाथांचे."